वळणावरचे पंच

आमच्या शाळेत नव्याने आलेल्या मंडळींनी सरांचं नाव टेबलफॅन ठेवलं होतं. ते कानावर आलं तेव्हा मला राग आला, आणि थोड्याच वेळात मनाशी कबूलही करावं लागलं की नाव चपखल आहे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पाच-सहा जण चहाला बसलेले असले की सर एकाकडे बघत, मग मान वळवून पुढच्याकडे, मग त्याच्या पुढच्याकडे. प्रत्येकाच्या वाट्याला सारखाच वेळ. तुम्ही अगदी रंगात येऊन काही सांगत असलात तरी तुमचा वाटा संपला की सरांची मान पुढे सरकायची. मग जो गृहस्थ नुसता चहात बिस्किट बुडवत बसला आहे त्याच्याकडे ते तितक्याच आस्थेने बघायचे. फेरी पुरी करून ते तुमच्यापर्यंत परत येईतो तुमची गोष्ट संपलेली असायची.

या नव्या तरुण शिक्षकांना वाटायचं, सरांना मानेचं काही दुखणं असेल. एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, की बाई, सरांना अर्धांगाचा झटका वगैरे येऊन गेलाय का? मी म्हणाले, तसं काही नाही, मान चांगली धडधाकट आहे, त्यांनीच ती मुद्दाम अशी लावून घेतली आहे. तिला ते पटलं नाही, आणि पटावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण मी सरांबरोबर एका शाळेत निम्मी हयात काढली. ही मान आधी अशी नव्हती, आणि ती कशाने अशी झाली तेही मला ठाऊक आहे.

सर पीटी शिकवायचे आणि मी भूगोल. आमची शाळा सदाशिव पेठेतली, म्हणजे मैदान म्हणून जे होतं त्याला दुसऱ्या गावात अंगण म्हणाले असते. त्या अंगणात त्यांनी खो-खो खेळवला, कवायत घेतली, आणि कोणाच्याही ध्यानीमनी नसताना मुलींना चालायला शिकवलं. ते स्वतः सगळीकडे चालत जायचे. मी कितीदा तरी त्यांच्याजवळ स्कूटर थांबवून म्हणाले असेन, की सर, बसा मागे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तुम्ही व्हा पुढे, मी पोचतोच." आणि टिळक रोडच्या गर्दीत अडकून मी शाळेत पोचावं, तर हे फाटकाशी उभे. त्याबद्दल त्यांनी मला कधी एका शब्दाने टोमणा मारला नाही. पुण्यात हा मोठाच संयम म्हणायचा.

ते चालण्याच्या शर्यतीचे पंच होते, आणि साधेसुधे नव्हे, परदेशात बोलावणं येई असे. ही शर्यत म्हणजे काय ते त्यांनी मला शाळेच्या व्हरांड्यात समजावलं होतं. धावण्याच्या शर्यतीत जो पुढे तो पुढे, त्यात वाद नाही. चालण्यात मात्र एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा. दोन्ही पाय एकाच क्षणी हवेत गेले की ते चालणं राहिलं नाही. पुढे टाकलेल्या पायाचा गुडघाही वाकता कामा नये. हे बघायला रस्त्याच्या कडेने ठिकठिकाणी पंच उभे राहतात, आणि त्यांनी ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. कॅमेरा नाही, यंत्र नाही. शंका आली तर पंच पिवळी पाटी दाखवतो, खात्री झाली तर लाल कार्ड पाठवतो. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की चालणारा बाद, मग विजयाची रेषा समोर दिसत का असेना. मी म्हणाले, म्हणजे सगळं तुमच्या डोळ्यांवर? त्यावर त्यांनी खांदे उडवले. तेवढ्यात आमचे मुख्याध्यापक घाईघाईने व्हरांड्यातून वर्गाकडे निघाले होते. सरांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "बाद."

शिक्षकांच्या खोलीत खेळाची चर्चा रोज व्हायची. वर्तमानपत्र मधोमध पडलेलं असे, पुढे पुढे प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, पण बोलणं तेच. समोरच्या देशाचा गोलंदाज विकेट घेऊन ओरडला की तो माज. आपला ओरडला की ती जिगर. त्यांचा कोणी उत्तेजक औषध घेताना सापडला की त्या देशाच्या रक्तातच लबाडी. आपला सापडला की बिचाऱ्याला डॉक्टरने चुकीची गोळी दिली. बाहेरच्या एका धावपटूचे खांदे टीव्हीवर बघून आमच्यातलेच एक जण हसत म्हणाले होते, ही नक्की बाई आहे का? पुढे आपल्या एका मुलीबद्दल तिकडच्या लोकांनी तेच विचारलं, तेव्हा हेच गृहस्थ रागाने थरथरत होते.

सर अशा वेळी वाद घालायचे नाहीत. ते एवढंच म्हणायचे, "झेंडा बदला आणि पुन्हा बोला." म्हणजे तुम्ही आत्ता जे वाक्य बोललात त्यातला देश काढायचा, तिथे दुसरा घालायचा, आणि तेच वाक्य सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं. लोकांना ते जमायचं नाही. तोंडातून शब्दच निघायचे नाहीत, किंवा निघाले तर हसू यायचं, आणि चर्चा तिथेच संपायची. मुलांनाही त्यांनी ही सवय लावली होती. वर्गात दोन पोरं भांडली की तिसरं ओरडायचं, "ए, झेंडा बदल."

याच्या उलट जातीचे आमचे उपमुख्याध्यापक होते. त्यांची मुलगी परदेशात असे आणि ते दर वर्षी तिकडे जाऊन येत. आपल्या खेळाडूंनी काहीही केलं तरी ते मान हलवायचे. हरले तर म्हणायचे, आपल्याकडे शिस्तच नाही. जिंकले तर, तिकडचे लोक गाजावाजा करत नाहीत हो. सर त्यांनाही झेंडा बदलायला लावायचे. त्यामुळे आम्हा सगळ्यांचं मत असं, की या माणसाच्या तराजूला कुठे झुकतं माप म्हणून नाही. मला स्वतःला तर त्यांचा अभिमान वाटायचा.

आता सुजाताबद्दल सांगायला हवं. ती आमच्या शाळेतली. वडील मार्केट यार्डात हमाली करायचे, घर तिथेच मागे गुलटेकडीला. लहानपणी ती धावायची आणि कायम चौथी-पाचवी यायची. एकदा ती मैदानातून घंटा द्यायला चालली होती, तेव्हा सरांनी तिला परत बोलावलं आणि पुन्हा चालायला लावलं. मग म्हणाले, पोरी, तू उगाच धावतेस. त्यानंतर शाळा सुटल्यावर त्या अंगणात पांढऱ्या फक्कीची एक सरळ रेघ असायची आणि तिच्यावरून सुजाता जायची-यायची. बाकीच्या मुली तिच्या कमरेच्या हेलकाव्याला हसायच्या. ती हसणाऱ्यांकडे बघायची नाही. पुढे तिला सरकारी शिबिरात घेतलं, वेगळा प्रशिक्षक मिळाला, आणि सर बाजूला झाले. पण पुण्यात आली की ती शाळेत यायची, सरांच्या पायांवर वाकायची, आणि मला म्हणायची, बाई, सर अजून माझ्या पायांकडेच बघतात, तोंडाकडे बघतच नाहीत.

मग ती स्पर्धा आली. आपल्याच देशात, दुसऱ्या एका शहरात. बाहेरचे सात-आठ देश येणार होते. पंचांमध्ये सरांचं नाव लागलं. सुजाता आपल्या शाळेची जुनी विद्यार्थिनी आहे हे त्यांनी आधीच कळवलं होतं. त्यावर वरून उत्तर आलं, की या खेळात सगळेच एकमेकांच्या ओळखीचे असतात, पंचाने पंचाचं काम करावं. सुजातासाठी त्या शर्यतीवर बरंच काही अवलंबून होतं. पहिल्या तिघींत आली तर पुढच्या मोठ्या स्पर्धेला परदेशी जायचं नक्की होतं, आणि एका सरकारी खात्याने तिला खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरीला घ्यायचं तोंडी कबूल केलं होतं. वडिलांची पाठ कामातून गेली होती. त्या घराचं सगळं त्या एका सकाळवर येऊन थांबलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही.

रविवारी सकाळी मी सरांच्या घरी गेले. वहिनींनी पोहे केले होते आणि टीव्ही लावून बसल्या होत्या. रस्त्यावरच्याच एका वर्तुळाच्या फेऱ्या होत्या. कॅमेरा अधूनमधून वळणावर जायचा तेव्हा पांढरी टोपी घातलेले सर क्षणभर दिसायचे, आणि वहिनी म्हणायच्या, टोपी नीट बसली नाहीये. सुजाता आधी पाचवी होती, मग चौथी, मग तिसरी. शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा तिच्या मागची परदेशी मुलगी बरीच मागे पडली होती. वहिनींनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि हात जोडले.

रेषा समोर दिसत होती. तेवढ्यात बाजूने मुख्य पंच पुढे आले आणि त्यांनी तिच्यासमोर लाल पाटी धरली. सुजाता दोन पावलं पुढे गेली, मग थांबली, आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. मागची मुलगी तिच्या बाजूने पुढे गेली. दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं, की दोन लाल कार्डं आधीची होती, बाहेरच्या पंचांची. तिसरं पुण्याच्या पंचाचं होतं.

चौकात सुजाताच्या अभिनंदनाचा फ्लेक्स बांधून तयार होता. तो संध्याकाळी उतरवला आणि दुसऱ्या दिवशी तिथे सरांच्या नावाने निषेधाचा लागला. मोबाइलवर जे लिहून येत होतं ते मी इथे सांगणार नाही. शिक्षकांच्या खोलीत घरचा भेदी हा शब्द कोणीतरी मोठ्याने उच्चारला. काही महिन्यांपूर्वी एका परदेशी चालणारीला असंच शेवटच्या क्षणी बाद केलं होतं आणि आपल्या मुलीला पदक मिळालं होतं, तेव्हा हेच लोक नियम म्हणजे नियम म्हणत पेढे खात होते. सर परत आले, फाटकातून आत आले, आणि सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "झेंडा बदला आणि पुन्हा बोला." मला तर वाटलं, यापुढे या माणसाशी वाद घालायची कोणाची छाती होणार नाही.

त्याच आठवड्यात सुजाता आली. मी मुलींच्या कवायतीचे झेंडे परत ठेवायला पीटीच्या खोलीत गेले होते. सर व्हॉलीबॉलच्या फाटक्या जाळीला गाठी मारत बसले होते. सुजाता दारात उभी राहिली. मी निघणार होते, तर सर म्हणाले, थांबा बाई. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा ओरडेल. ती अगदी हळू आवाजात बोलली.

"सर, पाय सुटला असेल माझा. मी नाही म्हणत नाही. शेवटी दमले होते मी."

सर गाठ मारायचे थांबले.

"पण प्रत्येक फेरीला मी तुमच्या वळणावर यायचे ना, तर मी यायच्या आधीपासून तुम्ही माझ्याकडे बघत असायचात. पार पुढे जाईपर्यंत बघायचात. माझ्या पुढे दोघी होत्या, मागे एक होती. त्यांचे पाय बघितलेत तुम्ही?"

मैदानावर मुलांचा गलका चालू होता. हा माणूस खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं, आणि म्हणूनच मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

"नाही," सर म्हणाले. "तुझ्याइतके नाही बघितले."

सुजाताने मान हलवली. "मला एवढंच विचारायचं होतं." ती वळली आणि गेली. दर वेळी जाताना ती वाकायची. त्या दिवशी वाकली नाही.

माझी स्कूटर दुरुस्तीला दिली होती, म्हणून त्या संध्याकाळी मी स्वारगेटला बस धरायला निघाले. सर माझ्याबरोबर चालू लागले. त्यांना त्या बाजूला काही काम नव्हतं. बाजीराव रोड संपता संपता ते एकदम सांगू लागले, की फार वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा परदेशात पंच म्हणून गेले होते. स्पर्धा संपल्यावर सगळे जेवायला बसले. तिकडचा एक बडा पंच हसत हसत म्हणाला, तुमच्या भागातल्या पंचांची नजर मोठी प्रेमळ असते, आपल्या माणसाचे पाय त्यांना कायम जमिनीवरच दिसतात. टेबलावरचे सगळे हसले.

"तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मीही हसलो."

आम्ही थोडं पुढे गेलो. ते म्हणाले, त्या दिवसापासून आपल्यापैकी कोणी चालत आला की मी डोळ्यांत तेल घालून बघायचो. कोणाला म्हणायला जागा नको. आणि त्याला मी निःपक्षपातीपणा समजत होतो. "बाई, तिचा पाय सुटला होता, हे मी आजही सांगेन. पण बाकीच्या तिघींचा सुटला नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. मी तिकडे बघतच नव्हतो. सगळ्या शाळेला झेंडा बदला म्हणून शिकवलं. माझाच उलटा लागला होता."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. दोन कार्डं तर आधीचीच होती, तुम्ही एकटे काय करणार, असलं काहीतरी. त्यांनी ते ऐकलं नसावं. स्वारगेटला माझी बस आली तेव्हा ते म्हणाले, मी जरा मार्केट यार्डाकडे जाऊन येतो, तिच्या वडिलांना भेटतो. मी बसमधून वळून बघितलं. ते पुलाखालच्या गर्दीतून नेहमीसारखे ताठ चालत चालले होते, आणि मला त्यांच्याबद्दल इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

तिथे काय झालं ते मी दुसऱ्या दिवशी खोदून विचारलं. सर म्हणाले, वडिलांनी बसायला पोतं अंथरलं, चहा मागवला. रागाचा शब्द बोलले नाहीत. कप खाली ठेवताना फक्त म्हणाले, "ते झालं ते झालं, सर. आता पोरीचं काय?"

यानंतरचा प्रकार मात्र आमच्या शहराला शोभेल असा झाला. निषेधाचा फ्लेक्स अजून चौकात होता, तोवर ज्येष्ठांच्या एका मंडळाने सरांचा सत्कार ठरवला. पुढाकार आमच्या उपमुख्याध्यापकांचा. देशाभिमान बाजूला ठेवून नियम पाळणारा निःस्पृह पंच म्हणून शाल, श्रीफळ आणि मानपत्र. सरांनी नको म्हणून पाहिलं, पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. सभागृह भरलं होतं. प्रत्येक वक्त्याने सांगितलं, की असा तटस्थपणा तिकडच्या देशांतच बघायला मिळतो. वहिनी माझ्या शेजारी पदर चाळवत बसल्या होत्या.

सर बोलायला उभे राहिले. त्यांनी खांद्यावरची शाल काढून घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. ते म्हणाले, "मी निःपक्षपाती नव्हतो. मी त्या मुलीकडे जास्त बघितलं, कारण ती आपली होती. बाकीच्यांकडे कमी बघितलं, कारण त्या आपल्या नव्हत्या. हा सत्कार माझा होऊ शकत नाही." एवढं बोलून ते व्यासपीठावरून खाली उतरले.

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, केवढा हा विनय! माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. सरांनी काय सांगितलं ते त्या सभागृहात एकालाही ऐकू गेलं नव्हतं. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, यांना आता कोणीच शिक्षा करणार नाही, आणि तीच शिक्षा यांना पुरेल. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या आणि खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण नवऱ्याला त्या ओळखत होत्या.

सरांनी बाहेरच्या स्पर्धांच्या पंचांमधून नाव काढून घेतलं. शाळांच्या आणि तालुक्याच्या शर्यतींना मात्र जात राहिले, आणि तेव्हाच ही मान सुरू झाली. एक श्वास आत, एक श्वास बाहेर, की पुढचा. मग तो पहिला असो की शेवटचा, ओळखीचा असो की परका. आधी ते फक्त शर्यतीत करायचे. मग म्हणाले, सराव नसेल तर ऐन वेळी डोळा दगा देतो. म्हणून ते सकाळी स्वारगेटच्या चौकात जाऊन उभे राहायचे, एसटीतून उतरणाऱ्या लोकांकडे एकेक श्वास बघत. एका पोलिसाने त्यांना दोन-तीन दिवस पाहिलं आणि हटकलं, की काका, कोणाला शोधताय? सर म्हणाले, "कोणालाच नाही, म्हणून तर उभा आहे." पोलिसाने त्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

हळूहळू ती सवय घरात आली, शिक्षकांच्या खोलीत आली. वहिनी माझ्याकडे तक्रार करायच्या, अहो, दाराशी भाजीवाली उभी असली तरी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे. माझ्याकडे बघून बोला म्हटलं तर म्हणतात, तुझा नंबर आत्ताच झाला. त्या हसत सांगायच्या, पण एकदा हसता हसता थांबल्या आणि म्हणाल्या, की सगळ्यांना सारखं देता देता माणूस कोणाच्याच वाट्याला येत नाही हो.

आणखी एक गोष्ट बदलली. झेंडा बदला हे सर पुन्हा कधी म्हणाले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत तोच माज आणि तीच जिगर चालू राहिली. एकदा मीच म्हणाले, सर, सांगा ना यांना. ते म्हणाले, "मी कोण सांगणारा?"

सुजाताला ती नोकरी मिळाली नाही. परदेशीही ती गेली नाही. पुढच्या वर्षी गुडघ्याने दगा दिला आणि चालणं संपलं. सासवडकडच्या एका निवासी शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली, वडिलांना तिकडेच घेऊन गेली. वर्षानुवर्षं ती सरांकडे आली नाही, आणि सरांनी तिचं नाव काढलं नाही. पण तिची चौकशी मी करते हे त्यांना माहीत होतं, आणि मी कधी सासवडचा विषय काढला की त्यांची मान थोडी हळू फिरायची.

गेल्या हिवाळ्यात सरांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरीच विश्रांती घ्यायला सांगितली, म्हणजे काय ते आम्ही समजलो. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची कॉट लावली होती. मी सुजाताला फोन करून सांगितलं, एवढंच. ये असं म्हणाले नाही. चार दिवसांनी संध्याकाळी ती आली, शाळेतूनच थेट, अंगात ट्रॅकसूट आणि गळ्यात शिट्टी तशीच. कॉटच्या एका बाजूला वहिनी होत्या, पायथ्याशी त्यांचा मुलगा, खिडकीकडे मी. ती दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. सरांची मान दोन उशांवरून हळूहळू फिरत होती. वहिनी, मुलगा, मी. मग सुजाता.

"सर, राग गेला म्हणून आले नाही मी," ती म्हणाली.

"बरोबर आहे," सर म्हणाले.

ती थोडा वेळ शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "तालुक्याच्या शर्यतीला आता मी पंच असते. परवा माझ्या वळणावर माझ्याच शाळेतली एक पोरगी आली. मी तिच्याकडे बघितलंच नाही. मान खाली घातली. भीती वाटली हो, सर."

सर तिच्याकडे बघत होते. "बघायचं," ते म्हणाले. "सगळ्यांइतकंच. पण बघायचं."

यावर तिला रडू आलं. आवाज न करता ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती. मी सरांकडे बघितलं. एक श्वास कधीच होऊन गेला होता. पुढे आणखी कितीतरी श्वास गेले, त्यांना ते जड जात होते, तरी मान तिथेच होती. ते तिच्या पायांकडे बघत नव्हते, तोंडाकडे बघत होते. वहिनींच्या ते ध्यानात आलं. त्या पुढे झाल्या आणि उशी सारखी करत म्हणाल्या, "अहो, किती वेळ एकाच बाजूला. मान आखडेल."

"आखडू दे," सर म्हणाले.

वहिनींनी उशी तशीच राहू दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. मी दिवे लागेपर्यंत तिथे बसून होते. त्या संध्याकाळी माझा नंबर पुन्हा आला नाही.